आयटीआयच्या वर्गात ॲनिमेटेड व्हिडिओ आणि बोलायचं इंग्रजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आयटीआयमध्ये एम्प्लॉयबिलिटी स्किल्स, म्हणजे नोकरीसाठी लागणारी कौशल्यं, हा विषय शिकवते. ॲनिमेशनच्या छोट्या व्हिडिओंवर मुलांकडून इंग्रजी बोलून घ्यायला लागल्यापासून इतर संस्थांतले सहकारी, काही पालक आणि खुद्द मुलंही तेच ते प्रश्न विचारतात. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा उत्तरं एका जागी लिहिलेली बरी, म्हणून हे पान.

फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन होणाऱ्या मुलाला इंग्रजी बोलायला लागतं तरी कशाला? काम तर हाताचं आहे.

काम हाताचंच आहे, आणि चाकणला काय, रांजणगावला काय, वाळूजला काय, शॉप फ्लोअरवर दिवसभर मराठी-हिंदीच चालते. इंग्रजी लागतं ते मोजक्या वेळी, पण त्या वेळा महत्त्वाच्या असतात. मुलाखतीतली पहिली दोन मिनिटं. सेफ्टीचं इंडक्शन. चेन्नईहून आलेला सुपरवायझर. कस्टमरचं ऑडिट चालू असताना मशीनपाशी उभं राहून "हे तू कसं मोजलंस?" या प्रश्नाला द्यायचं उत्तर. परदेशी कंपनीचा इंजिनिअर मशीन बसवायला आला की त्याच्या हाताखाली काम करणं.

हे सगळं मिळून शे-दीडशे वाक्यांचं इंग्रजी होतं. ते न घाबरता तोंडातून आलं तर लाईनवरचा मुलगा पुढे सरकतो. माझे कितीतरी हुशार विद्यार्थी, ज्यांच्या हातचा जॉब, म्हणजे वर्कशॉपमध्ये घडवलेला तुकडा, बघत राहावा, ते फक्त तोंड उघडलं नाही म्हणून मागे राहिलेत. त्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप.

पुस्तकातला संवाद दोघांकडून वाचून घेतला तर काय बिघडतं?

मी बरीच वर्षं तेच केलं. मुलं उभी राहतात, पुस्तक नाकासमोर धरतात आणि एका सुरात वाचून बसतात. डोळे अक्षरांवर असतात, समोरच्या माणसाकडे कुणी बघत नाही. हे वाचन झालं, बोलणं झालं नाही.

व्हिडिओत समोरचा सुपरवायझर प्रश्न विचारतो आणि थांबतो. पापण्या मिटतो, वाट बघतो. आता उत्तर द्यायचंय. त्या दोन सेकंदांचा दाब पुस्तकात नसतो, आणि प्रत्यक्षातल्या माणसासमोर तो इतका असतो की मुलगा गप्पच होतो. चित्रातल्या माणसापुढे तो दाब सोसण्याइतका राहतो. भीती आणि लाज वाढली की कानावर पडलेली भाषा आत शिरत नाही, हे भाषा कशी शिकली जाते याचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनी १९८० च्या दशकात मांडलं. त्यांच्या सगळ्या सिद्धान्तांवर अभ्यासकांचं एकमत नाही, पण लाजेबद्दल ते जे म्हणतात ते मी रोज वर्गात बघते.

मग खऱ्या माणसांचे व्हिडिओ का नकोत? ॲनिमेशनच का?

दोन कारणं आहेत.

पहिलं साधं आहे. चित्रातल्या पात्राला आडनाव नसतं, गाव नसतं, कॉन्व्हेंट शाळा नसते. पडद्यावर फाडफाड इंग्रजी बोलणारा खरा मुलगा दिसला की आमची मुलं मनातल्या मनात हिशेब करतात, "हा आपल्यातला नाही", आणि तिथेच संपतं. बॉयलर सूट घातलेलं, साध्या रेषांचं पात्र कुणाचंही होऊ शकतं.

दुसरं कारण कामाचं आहे. व्हर्नियर कॅलिपर या बारीक मापं घ्यायच्या साधनाचं उदाहरण घ्या. वर्कशॉपमध्ये व्हर्नियरवरची रेघ एका वेळी एकालाच दिसते, तीही डोळे बारीक करून. ॲनिमेशनमध्ये तीच पट्टी अख्ख्या पडद्याएवढी करता येते. मुख्य पट्टीवर १२ दिसतात, सरकत्या पट्टीची १८ वी रेघ वरच्या रेघेला तंतोतंत जुळते आणि लाल होते. लीस्ट काउंट (या साधनाने मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिलिमीटर, म्हणजे १८ गुणिले ०.०२, बरोबर ०.३६. माप १२.३६. आता पात्र बोलतं: "ट्वेल्व्ह पॉइंट थ्री सिक्स मिलिमीटर्स."

आमची निम्मी मुलं इथे "ट्वेल्व्ह पॉइंट थर्टी सिक्स" म्हणतात, कारण मराठीत आपण सर्रास "बारा पॉइंट छत्तीस" म्हणतो. बोलण्यापुरती ही चूक किरकोळ वाटेल. पण ज्याच्या डोक्यात "पॉइंट छत्तीस" बसलंय त्याला कधीतरी १२.३६ हे १२.४ पेक्षा मोठं वाटतं, आणि मग जॉब वाया जातो. पडद्यावर एकेक आकडा सुटा उजळतो, तसा तो सुटा म्हणायचा. भाषा आणि माप एका वेळी दुरुस्त होतात. ही क्लिप मी कुठल्याही तुकडीला पहिल्या महिन्यात दाखवतेच.

वर्गात नेमकं काय करायचं? एक तास कसा घ्यायचा ते सांगा.

समजा ७० सेकंदांची क्लिप आहे. शिकाऊ मुलाला मशीनखाली तेल सांडलेलं दिसतं, तो सुपरवायझरला सांगतो, सुपरवायझर दोन प्रश्न विचारतो, मग जागा साफ होते.

आधी आवाज बंद ठेवून दाखवते. मग मराठीत विचारते, काय झालं? कोण कुणाला काय म्हणत असेल? इथे मराठीच हवी. सगळ्यांना बोलता येतं, वर्गाला तोंड फुटतं. तेल कुठून गळत असेल यावर डिझेल मेकॅनिकवाली मुलं वाददेखील घालतात, घालू दे.

मग आवाजासकट एकदा. नंतर खरं काम सुरू होतं. सुपरवायझरने "व्हेअर इज द लीक?" विचारलं की तिथे पॉज. उत्तर वर्गाने द्यायचं. आधी सगळ्यांनी एकदम, मग बाकाबाकाने, मग एकेकट्याने. "नियर द पंप, सर" आलं तरी चालतं, "देअर इज ऑइल अंडर द पंप, सर" आलं तर उत्तम. पात्राचं उत्तर सगळ्यात शेवटी ऐकवायचं. आधी ऐकवलं की सगळे त्याचीच नक्कल करतात, स्वतःचं वाक्य कुणी जुळवत नाही.

शेवटची वीस मिनिटं डबिंग. आवाज बंद, चित्र चालू, आणि दोन-तीन मुलं पडद्याशेजारी उभी राहून पात्रांचे आवाज देतात. या वीस मिनिटांसाठी बाकीचा तास असतो. चित्र कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे "अं... अं..." करायला जागा राहत नाही. अडखळलात तर पुन्हा लावायचं, एवढंच. मुलं स्वतःहून "मॅडम, अजून एकदा" म्हणतात. ७० सेकंदांची क्लिप एका तासात पंधरा-वीस वेळा सुरुवातीपासून लागते आणि दर वेळी बोलणारं तोंड वेगळं असतं.

माझा एकच नियम आहे: व्हिडिओ जितका वेळ वाजेल त्याच्या कितीतरी पट वेळ मुलांची तोंडं चालली पाहिजेत. व्हिडिओ लावून निदेशक हजेरीपट भरत बसले तर तो तास वाया गेला म्हणून समजा.

एवढा वेळ कुठून काढायचा?

एम्प्लॉयबिलिटी स्किल्सला पहिल्या वर्षी १२० तास आणि दोन वर्षांच्या व्यवसायांना, म्हणजे ट्रेडना, दुसऱ्या वर्षी आणखी ६० तास आहेत. त्यात संगणक, पैशांचे व्यवहार, करिअर असं बरंच काही बसवायचं असतं, त्यामुळे इंग्रजीचे सगळे तास सलग घेऊन संपवले की वर्षभरात मुलं ते विसरतात. मी आठवड्याला एक क्लिप घेते आणि बाकीच्या तासांची पहिली पाच मिनिटं मागच्या क्लिपच्या डबिंगला देते.

क्लिप किती लांब असावी?

एक ते दीड मिनिट. दोन मिनिटांच्या वर गेली की मुलं प्रेक्षक होतात.

खाली सबटायटल द्यावीत का? मराठीत की इंग्रजीत?

इंग्रजीत द्यावीत, मराठीत देऊ नयेत. खाली मराठी ओळ आली की डोळे तिच्यावर जातात आणि कान बंद होतात. मुलाला अर्थ कळतो, इंग्रजी त्याच्या कानावर पडून वाहून जातं.

जी भाषा ऐकू येते तीच खाली लिहून दाखवण्याचा मोठा प्रयोग आपल्याकडे झालेला आहे. आयआयएम अहमदाबादच्या ब्रिज कोठारींनी १९९९ मध्ये गुजरातीत दूरदर्शनवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेतले शब्द दाखवायला सुरुवात केली, पुढे हिंदी 'चित्रहार'मध्येही ते आले. त्यांचा हेतू लोकांचं वाचन सुधारावं हा होता. आपल्याला तो प्रयोग उलट्या बाजूनेही उपयोगी पडतो: वाचता येणारा शब्द कानाला ओळखू येऊ लागतो. "शेड्यूल" हा शब्द माहीत असलेल्या मुलाला त्याचं स्पेलिंग बघून धक्का बसतो, आणि स्पेलिंग माहीत असलेल्याला उच्चार ऐकून.

पण डबिंगच्या वेळी सबटायटल काढून टाका. नाहीतर पुन्हा वाचन सुरू.

इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहून दिली तर?

पहिल्या एक-दोन आठवड्यांत द्या, त्याने धीर येतो. पुढे बंद करा. देवनागरीत कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा ते दिसत नाही, आणि एक खास मराठी अडचण आहे. आपण "व्हॉल्टेज" आणि "वॉटर" असं वेगवेगळं लिहितो, ही सोय चांगलीच आहे. पण "व्ह" वाचताना मुलं त्यातला "ह" जोरात काढतात आणि "व्हॉल्व्ह" म्हणताना दोनदा फुंकर मारतात. यातल्या कुठल्याच शब्दात "ह" नाहीच. "व्हॉल्टेज"मध्ये वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, "वॉटर"मध्ये ओठ गोल होतात.

उच्चार सुधारतात का अशा व्हिडिओंनी?

इथे स्पष्ट सांगते: ॲनिमेशन या बाबतीत तोकडं पडतं. पात्राचं तोंड नुसतं उघडझाप करतं. आपण मात्र बोलणं कानाबरोबर डोळ्यांनीही ऐकत असतो. मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९७६ मध्ये दाखवून दिलं की आवाज "बा"चा आणि ओठ "गा"चे दाखवले तर पुष्कळांना "दा" ऐकू येतं. म्हणजे चुकीचे ओठ दिसले तर कानही फसतो. म्हणून दात-ओठ कुठे लागतात हे दाखवताना मी व्हिडिओ बंद करते आणि मुलांना माझ्या तोंडाकडे बघायला सांगते, किंवा फोनचा पुढचा कॅमेरा सुरू करून स्वतःच्या.

बाकी उच्चारांत कशामागे लागायचं आणि काय सोडून द्यायचं हे ठरवून घ्या. "थ्रेड", "थिकनेस" मधला थ आपण मराठीसारखा म्हणतो, अख्खा देश तसाच म्हणतो, सगळ्यांना कळतो. त्यावर तास घालवू नका. "झीरो"साठी मुलांना सांगा, "मजा", "बाजू" मधला ज काढायचा. तो आवाज आपल्याकडे मुळात आहे, फक्त तो इथे वापरायचा हे कुणी सांगितलेलं नसतं.

मेहनत घ्यायची ती आकड्यांवर आणि जोरावर. "थर्टीन" आणि "थर्टी" यातला फरक जोरात आहे, आणि तेरा बोल्ट मागितल्यावर तीस आले तर काय होतं हे मुलांना समजावून सांगावं लागत नाही. शिवाय मराठीत एकक आधी येतो, "पस्तीस" म्हणताना पाच आधी आणि तीस नंतर, त्यामुळे घाईत ३५ चे "फिफ्टी थ्री" होतात. आकडा पडद्यावर उजळला की एका सेकंदात म्हणायचा, असा दोन मिनिटांचा खेळ मी दर आठवड्याला घेते.

मुलं साहेबांशी इंग्रजीत उद्धट बोलतात असं कंपनीवाले म्हणतात. त्यावर काही उपाय?

मुलं उद्धट नसतात. मराठीत आपला आदर क्रियापदात असतो. "दे", "द्या", "द्याल का जरा", एवढ्यात सगळं येतं. इंग्रजीत ते क्रियापद एकच, त्यामुळे मुलगा मनात "पाना द्या ना सर" म्हणत असतो आणि तोंडातून येतं "गिव्ह मी स्पॅनर". दुसरीकडे, सरांना "यू" म्हणणं म्हणजे अरे-तुरे करणं असं वाटून काहीजण तो शब्दच गिळतात आणि वाक्य लंगडं होतं.

यासाठी ॲनिमेशन फार छान चालतं. एकच प्रसंग तीनदा: "गिव्ह मी स्पॅनर", "स्पॅनर, प्लीज", आणि "कुड यू पास मी द स्पॅनर, प्लीज?" तिन्ही वेळा समोरच्या पात्राच्या भुवया बदलतात, बाकी काही नाही. नंतर मी फक्त भुवया दाखवते आणि मुलं वाक्य ओळखतात. "यू"मध्ये तुम्ही आणि आपण दोन्ही आहेत, आदर "कुड" आणि "प्लीज"मध्ये बसलाय, हे एकदा समजलं की मुलं मोकळी होतात.

अठरा-वीस वर्षांच्या मुलांना कार्टून दाखवलं तर ती हसत नाहीत का?

बोलणारा ससा दाखवला तर हसतील, आणि त्यांचं बरोबर आहे. पात्रं कामगारांसारखी हवीत, जागा वर्कशॉपसारखी, आवाज मोठ्या माणसांचे. हेल्मेट, सेफ्टी शूज, हातमोजे बरोबर काढलेले हवेत. वेल्डिंग करणाऱ्या पात्राच्या तोंडावर शील्ड नसेल तर पुढचं इंग्रजी कुणी ऐकत नाही, सगळे तेवढीच चूक दाखवत बसतात.

असे व्हिडिओ मिळतात कुठे? आणि स्वतः करायचे तर?

केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या भारत स्किल्स पोर्टलवर आयटीआयच्या व्यवसायांचं साहित्य मोफत आहे, त्यातून प्रसंग आणि शब्द मिळतात. बीबीसी लर्निंग इंग्लिश आणि ब्रिटिश कौन्सिलचेही मोफत व्हिडिओ आहेत. पण त्यातले प्रसंग विमानतळाचे, कॅफेचे, लंडनच्या ऑफिसचे. ऐकण्याच्या सरावाला चांगले आहेत, आमच्या मुलांच्या कामाला पुरत नाहीत.

म्हणून स्वतः करा. यासाठी ॲनिमेटर असावं लागत नाही. पॉवरपॉइंटमध्ये दोन पात्रं, एक पार्श्वभूमी, हलणारे हात आणि बोलण्याचे फुगे एवढं जमलं की फाइल व्हिडिओ म्हणून काढता येते. ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि अफाट आहे, पण ते शिकायला महिने जातात, त्यात अडकू नका. मला एका मिनिटाच्या क्लिपला तीन संध्याकाळी लागतात. त्यातली एक संपूर्ण संवाद लिहिण्यात जाते, आणि ती वाचवू नये.

संवाद शिल्पनिदेशकांबरोबर, म्हणजे वर्कशॉपचं काम शिकवणाऱ्यांबरोबर, बसून लिहा. "ड्रिल बिटची धार गेलीय" हे वर्कशॉपमध्ये कसं म्हणतात ते त्यांना माहीत असतं. आवाज फोनवरच रेकॉर्ड करा, रात्री, पंखा बंद करून. भारतीय उच्चारच ठेवा, कारण मुलांना ज्यांच्याशी बोलायचंय ते बहुतेक भारतीयच आहेत. संगणकाचा तयार आवाज वापरायला हरकत नाही, फक्त एकदा ऐकून घ्या. माणसांची आणि गावांची नावं तो कधीकधी विचित्र उच्चारतो.

इंटरनेट चालत नाही, वीज जाते. मग?

क्लिप आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. साध्या दर्जाची एक मिनिटाची फाइल पाच-दहा एमबीची असते, मुलांच्या फोनवर सहज जाते. वीज गेली तर प्रत्येक क्लिपमधली सहा-सात चित्रं छापून ठेवलेला कागद काढायचा. बोलण्याचे फुगे रिकामे, वाक्यं मुलांनी म्हणायची. पावसाळ्यात माझे कितीतरी तास या कागदांवर झालेत आणि चांगले झालेत.

दुसऱ्याचे व्हिडिओ वर्गात वापरणं कायद्याने चालतं का?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतींना सूट आहे. तोच व्हिडिओ कापून, आवाज बदलून आपल्या यूट्यूब चॅनलवर टाकणं हे त्या सवलतीत बसत नाही. मुलांनी केलेलं डबिंग वर्गातच ठेवा.

एखादं मूल काही केल्या बोलतच नाही. काय करावं?

सगळ्यात छोटी भूमिका द्या आणि वाट बघा. इलेक्ट्रिशियनच्या तुकडीत एक मुलगी होती. प्रवेश घेतल्यापासून दोन महिने तिने वर्गात इंग्रजीचा एक शब्द उच्चारला नव्हता, हजेरीला सुद्धा हात वर करायची. एका क्लिपमध्ये गेटवरचा वॉचमन आहे, त्याला एकच वाक्य आहे: "गेट पास, प्लीज." ते मी तिला दिलं. पहिल्यांदा ओठ हलले, आवाज आला नाही. चित्र पुढे गेलं. कुणी हसलं नाही, कारण सगळे पडद्याकडे बघत होते. पुन्हा लावलं. चौथ्या वेळी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. त्या तासाला तिने ते वाक्य अकरा वेळा म्हटलं, मी मोजत होते. पुढच्या आठवड्यात "मॅडम, मी सुपरवायझर होऊ का?" हे तिनेच विचारलं.

पडद्याकडे सगळ्यांची नजर असणं ही लाजऱ्या मुलांसाठी फार मोठी सोय आहे. त्यांना वर्गासमोर तोंड करून उभं करू नका. पडद्याशेजारी, थोडं अंधारात उभं करा.

प्रगती मोजायची कशी?

या विषयाची परीक्षा संगणकावर पर्याय निवडून द्यायची असते, तिथे बोलणं तपासलं जात नाही. म्हणून मी पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचा आवाज फोनवर एक मिनिट रेकॉर्ड करते: नाव, गाव, व्यवसाय, कालच्या प्रॅक्टिकलला काय केलं. तीन महिन्यांनी पुन्हा तेच प्रश्न. दोन्ही त्याला एकट्याला ऐकवायचे. ग्रुपवर टाकायचे नाहीत, आणि नंतर पुसून टाकायचे. चुका कमी झाल्या का हे मी दुय्यम मानते. आधी बघते की बोलणं सुरू करण्याआधीची शांतता किती कमी झाली.

मी विद्यार्थी आहे. घरी एकट्याने सराव करता येईल?

येईल. इअरफोन लाव, वेग ०.७५ वर ठेव आणि पात्राच्या मागोमाग, अर्धा शब्द मागे राहून, मोठ्याने बोलत जा. पुटपुटू नकोस. दुभाष्यांच्या प्रशिक्षणात हीच रीत वापरतात. तीन दिवस एकच क्लिप, चौथ्या दिवशी आवाज बंद करून तूच बोल. घरी लाज वाटत असेल तर गच्चीवर जा, शेतावर जा. एकाने मला सांगितलं की तो म्हशी घेऊन गेल्यावर सराव करतो, आणि त्याचं इंग्रजी खरंच सुधारलं.

पहिली क्लिप कशावर करू?

आपल्या संस्थेतून बाहेर पडून कामाला लागलेल्या तीन-चार मुलांना फोन करा आणि विचारा, "पहिल्या महिन्यात इंग्रजीत कुठे अडलास?" मला पहिल्यांदा मिळालेलं उत्तर होतं, "मॅडम, चूक माझ्या हातून झाली हे सांगता आलं नाही, म्हणून गप्प राहिलो, आणि साहेबांना वाटलं मी लपवतोय." माझी पहिली क्लिप त्यावरच आहे. चाळीस सेकंदांची आहे. त्यात शिकाऊ मुलगा मशीन बंद करतो, हात पुसतो आणि म्हणतो, "सर, आय मेड अ मिस्टेक. कॅन आय शो यू?"